वरून ओता

माझ्या भावाचा दिस घातला, त्या संध्याकाळपासून मला भांड्याला तोंड लावून पाणी पिता येईना. पेला ओठांशी आला की हात आपोआप वर जायचा, मान मागे व्हायची आणि पाणी वरून घशात पडायचं. निम्मं अंगावर सांडायचं. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं, शाळा बंद होत्या, आणि मी पाड्यातल्या पोरांना आमच्याच ओट्यावर बसवून शिकवत होते. पोरं काही सोडतात का? "बाईंचं पानी पोटात कमी नि पदरावर जास्ती जातं," प्रतिक्षा म्हणाली आणि सगळी खिदळली. मीही हसले. हसण्यावारी नेलं नसतं तर घाबरून बसावं लागलं असतं.

मी जयवंती. मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याची, कोकणा आदिवासी घरातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे मी शाळेत, बाजारात, लग्नाच्या मांडवात, जिथं तोंड उघडायला मिळेल तिथं सांगत आले. आणि भूत नेमकं माझ्याच तोंडातून बोललं. देवाला चेष्टा चांगली जमते.

रघु माझा धाकटा भाऊ. बांधावरच्या भांडणात एकाचं डोकं फुटलं, काठी कुणाची ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण नाव रघुचं आलं. तेव्हापासून तो घाटाखालच्या एका मोठ्या तुरुंगात कच्चा कैदी होता. गुन्हा सिद्ध झाला नव्हता, खटला उभाही राहिला नव्हता. टाळेबंदी लागली आणि भेटी बंद झाल्या. मग चैत्रात पोलीस पाटलाच्या फोनवर निरोप आला. रघु कोरोनानं गेला, प्रेत मिळणार नाही, तिकडंच विल्हेवाट लावली आहे. विल्हेवाट! मेलेल्या कोंबडीबद्दलही आम्ही असं बोलत नाही. पण त्या दिवसांत सगळीकडे तसंच चाललं होतं. कुणाला विचारणार?

आमच्यात माणूस गेला की दिस घालतात. थाळवाला येतो. काशाच्या थाळात मधोमध मेणानं एक काडी उभी केलेली असते. तिच्यावरून तो बोटं खाली ओढतो आणि थाळातून सूर निघतो. बारीक, कानाशी माशी घोंगावावी तसा, पण न थांबणारा. त्या सुरावर तो कथा सांगतो आणि गेलेल्याला हाका मारतो. गेलेला येतो, नात्यातल्या कुणाच्या तरी अंगात शिरतो, जेवतो, पाणी पितो, कसा गेलो ते सांगतो, आणि मग पूर्वजांत जाऊन बसतो.

प्रेत नव्हतं म्हणून पिठाचा रघु केला. दिवेलागणीला थाळवाल्या लक्ष्मणआजानं थाळ मांडीवर घेतला. मी आईशेजारी बसले होते. शाळेची कुठली माहिती पाठवायची राहिली आहे याचा विचार करत होते, हे मला पक्कं आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा साडी चिंब झाली होती. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि पुरुषमाणसं मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

काय घडलं ते दुसऱ्या दिवशी कमूकाकीनं तिखटमीठ लावून सांगितलं. "तू सरकत सरकत अंगणाच्या कडंला गेलीस. सारवण संपतं ना, त्याच्याही भायेर बसलीस. ओंजळ केलीस. म्हणालीस, 'मी हात नाय लावत. वरून वता, माये.' आयस तांब्या देतेय तर तू घेयनास. 'भांडा बाटंल, वरून वता.' मग वतला. अख्खा हंडा प्यालीस गं! टँकरचा पानी!"

"आणि?"

"आणि म्हणालीस, 'मडका हाताजवळ होता. उठता नाय आलं.' नि म्हणालीस, 'पोशीला सांगा.'" काकी जवळ सरकली. "ही पोशी कोन? रघुनं तिकडं बाई ठेवली व्हती काय?"

तुरुंगात बाई ठेवायची सोय असती तर निम्मा तालुका आपणहून आत गेला असता, असं मी तिला म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

आमच्या अंगणात सारवणाबाहेर बसून, ओंजळ करून, वरून पाणी पिणारे लोक कोण, हे पाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खेकडे, मध, लाकडाची मोळी घेऊन येणारे कातकरी. आई त्यांना वरूनच ओतत आली. तिची आईही वरूनच ओतायची. शहरातला कुणी आम्हाला 'तुम्ही आदिवासी' म्हणून नाक मुरडतो तेव्हा आमचा जीव जळतो, आणि घरी आलो की आमच्याही नाकाला मुरडायला कुणीतरी लागतंच. घरोघरी मातीच्या चुली.

"आये, रघु असं कसाला बोलला?" मी विचारलं.

"तो रघु नव्हता," आई म्हणाली.

"मग कोण होतं?"

तिनं हंडा उचलला आणि विहिरीकडे निघून गेली. विहिरीत त्या वेळी गाळाशिवाय काही नव्हतं.

पुढे वैशाखात, भर दुपारी, रघु आला. रस्त्यावरून चालत, हातात कापडी पिशवी, दाढी वाढलेली. आई ओट्यावर नागली पाखडत होती. तिनं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग सुपातली मूठभर नागली त्याच्या अंगावर फेकली. भूत असता तर दाणे आरपार गेले असते. दाणे त्याच्या छातीवर आपटून खाली सांडले, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

तुरुंगात गर्दी फार, रोग पसरतोय, म्हणून कोर्टानं बऱ्याच कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन दिला होता. त्यात रघु सुटला. आपण मेलो आहोत, हे त्याला आमच्याकडूनच कळलं.

लक्ष्मणआजा म्हणाला, "याचा दिस झालाय. मेलेला दारातून आत घेता येत नाय. पयला जन्मू दे." मग काय, रघुला हळद लावली, न्हाऊ घातला, तान्ह्या पोरासारखा सुपाला पाय लावून उभा केला आणि कानात पुन्हा रघु असंच नाव सांगितलं. एवढं मिशाळ बाळ आमच्या पाड्यात आजवर जन्मलं नव्हतं. पोरं टाळ्या पिटत होती, रघु हसत होता, आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर रडत होते.

तेवढ्यात आजा म्हणाला, "हा हाय हितं. मग आपण जेवू घातला तो कोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रघुला सांगितलं, जे काकीनं मला सांगितलं होतं ते. 'वरून वता' ऐकलं आणि तो सुपावरच मटकन बसला.

"माघ्या," तो म्हणाला.

तुरुंगात माणसाला गावाच्या नावानं हाक मारतात. मोखाड्याकडचे दोघंच, म्हणून दोघंही 'मोखाडा'. ए मोखाडा, म्हटलं की दोघं उठायचे. कोण रघु, कोण माघ्या हे बघायची कुणाला गरज पडली नव्हती. दोघं काळे, दोघं हडकुळे, दोघं जंगलातले. एक मोखाडा मेला, तर वरच्यांनी रघुचं नाव लावून मोखाड्याला निरोप धाडला. पुढे चूक कळली असणार. ती कागदावर दुरुस्तही झाली असेल. पण आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि माघ्याच्या घरी तर नाहीच नाही.

माघ्या आमच्याच बाजूच्या एका कातकरवाडीतला. कुठल्याशा मळ्यातून पाण्याचा पंप गेला म्हणून उचललेला. चोरी झाली की आधी कातकरवाडीत शिरायचं आणि चोरी कुठे झाली ते मग विचारायचं, अशी रीतच आहे. आत गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला जात विचारली. जात सांगितली आणि हातात संडासाचा झाडू आला. त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याला जबरदस्तीनं कामाला लावता येत नाही, हे त्याला कोण सांगणार? रोज संडास धुतो म्हणून बराकीतले लोक म्हणाले, पाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही. त्याची ताटली संडासाच्या दाराशी वेगळी ठेवली. वॉर्डरकडे गाऱ्हाणं नेलं तर तो म्हणाला, ही तुमची आपसातली गोष्ट आहे.

"मग त्याला पाणी कोण द्यायचं?" मी विचारलं.

"मी द्यायचो."

"कसं?"

रघुनं जमिनीकडे पाहिलं. "वरून."

त्यानंतर तो माघ्याविषयी एक शब्द बोलेना. पण आमच्या घरात माघ्या होताच. आम्ही त्याला आमच्या नावानं बोलावला, आमच्या नावानं जेवू घातला, आणि भलत्याच घरच्या पूर्वजांत नेऊन बसवला. तो तरी कसा बसेल तिथं? आई रोज पळसाच्या पानाचा द्रोण पाण्यानं भरून अंगणाच्या कडेला ठेवायची. उठून बघावं तर कोरडा. मी म्हणायची, कावळे पितात, ऊन केवढं आहे. म्हणायची खरी, पण द्रोणाकडे पाठ करून पोरांना पाढे म्हणायला लावायची. रघु भरल्या ताटावरून उठायचा. कानात थाळ वाजतो म्हणायचा, दिवसासुद्धा. आणि मला तहान लागायची. पोट फुटेस्तोवर प्यायले तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. ती तहान माझी नव्हती, आणि ती दुसऱ्याची आहे हे कळूनही सोसावी मलाच लागत होती.

शेवटी मी जव्हारच्या नीता मॅडमना फोन केला. त्या वकील, सरकारकडून गरिबांना फुकट वकील मिळतो ते काम करणाऱ्या. सगळं ऐकून घेतलं. भुताचा भाग मी गाळला. तो साक्षीत धरत नाहीत एवढं मलाही कळतं.

मॅडम म्हणाल्या, "तुरुंगात माणूस मेला की न्यायाधीशांमार्फत चौकशी व्हायला हवी. त्याच्या बायकोला कळवायला हवं, तिचं म्हणणं ऐकायला हवं. जात बघून झाडू देता येत नाही, आजाऱ्याला पाणी आणि डॉक्टर नाकारता येत नाही. माणसाचे हक्क काय घड्याळ-पाकीट आहेत, गेटवर जमा करून आत जायला? पण जयवंतीताई, कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला पाहिजे. तुमचा भाऊ सांगेल का?"

मी रघुला विचारलं.

"बाय, जामीन संपला की माना तिथंच जायचा हाय," तो म्हणाला. "त्याच बराकीत. त्यांच्याच हातचा खायचा. मी बोललो तर मी काय जिता येन?"

मला एकच भाऊ. त्याच्यासाठी एकदा छाती पिटून झाली होती. एकदा मेलेला भाऊ पुन्हा मरायला धाडायचा का? दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी? मी गप्प बसले. आईही गप्प बसली. घशातली तहान तेवढी गप्प बसेना.

पोशी, माघ्याची बायको, आपणहून आली. ती भिवंडीच्या पलीकडे वीटभट्टीवर होती. पण आमच्या अंगणात काय घडलं ते भट्टीवर पोचायला फोन लागत नाही. नवरा मेला आणि कोकण्यांच्या घरी येऊन पाणी प्यायला, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. भट्टी सुटल्याबरोबर ती तडक आमच्याकडे आली. ऐन दुपार, पाय धुळीनं पांढरे झालेले. सारवण संपतं तिथं, त्याच्या बाहेर, ती उकिडवी बसली. नेमकी त्याच जागी.

आई तांब्या घेऊन गेली. पोशीनं ओंजळ पुढे केली.

"वरून वता, माये."

माझी मान आपोआप मागे गेली. आईनं तांब्या कलता केला, पण पाणी ओंजळीत न पडता मातीत पडलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. पोशीनं ओंजळ तशीच धरून ठेवली होती, पण तिचे डोळे ओट्यावर बसलेल्या रघुकडे लागले होते.

"तुमी त्याच्यासंगं व्हतात," ती म्हणाली. "बाकीचा माना काय नको. येकच सांगा. मरताना त्याला पानी भेटला का?"

रघुनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिच्या जिवाला बरं वाटलं असतं, ती उठून गेली असती, आणि याचीही मान सुटली असती. मला ते 'हो' हवं होतं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, म्हण हो, म्हण हो. आणि कानात थाळाचा सूर चढत चालला होता.

"नाय," रघु म्हणाला.

मग तो थांबलाच नाही.

"ताप भरला व्हता त्याला. फणफणला व्हता. डाक्टर बोलवा म्हणून मी वॉर्डरला सांगला, तो बोलला, येल. मडका माझ्या उशाशी व्हता. माघ्या बोलला, 'उचलून पाज, उठवत नाय.' उचलायचा तर मांडीवर डोका घ्यावा लागता. तोंडाला भांडा लावावा लागता. सगळी बघत व्हती. माझी ताटली पन संडासाशी गेली असती. म्हणून मी वरून वतला." त्याचा आवाज चिरकला. "पडलेल्या मानसाच्या तोंडात वरून पानी जात नाय. नाकात गेला. ठसका लागला त्याला. मग मी वतायचा थांबलो. तो माझ्याकडं बघत व्हता. सकाळी उचलायला आले, बोलले, हा कोन? कोनतरी बोलला, मोखाडा."

पोशी रडली नाही. ओरडली नाही. ती उठली. सारवणावर पाय ठेवला. अंगण ओलांडलं, ओटा चढली, रघुच्या शेजारून, उंबऱ्यातून आत गेली. आमच्या घरात एक कातकरीण प्रथमच शिरली. कमूकाकीनं तोंडावर पदर घेतला, पण बोलायची छाती तिलाही झाली नाही. आतून हंड्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. पोशीनं पेला बुडवला, तोंडाला लावला आणि उभ्यानं तळापर्यंत प्यायली. दुसरा भरून बाहेर आणला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"ह्यो त्याचा," ती म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला आनखी घे."

मी आत गेले, पेला भरला आणि ओठांना लावला. हात वर गेला नाही. एक थेंब सांडला नाही. आमचा थाळ मग लक्ष्मणआजानं पोशीच्या वाडीत नेला आणि माघ्याला माघ्याच्या नावानं हाक मारली. कुणाच्या अंगात आला, काय बोलला, ते तिच्या घरचं आहे. मी सांगणार नाही.

चौकशीत रघु बोलला. जव्हारला, नीता मॅडमसमोर, पोशी शेजारी बसलेली असताना, स्वतःचं 'वरून' सुद्धा न लपवता बोलला. मला त्याचा अभिमान वाटला आणि मी जामिनाचे उरलेले दिवस मोजायला लागले. मग जामीन संपला आणि तो परत आत गेला.

भेटी सुरू झाल्यावर मी गेले. मध्ये काच, हातात फोन. तो आणखी वाळला होता, पण हसला.

"बरा हायस?"

"बरा हाय."

"पाणी?"

त्यानं मागं उभ्या असलेल्या वॉर्डरकडे वळून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "वरून."

"आणि झाडू?"

"तो पन." पुन्हा हसला. "चाललाय तसा चालू दे. बोलू नको, बाय. कोनाला बोलू नको."

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. आईनं ओट्यावरूनच विचारलं, "पानी भेटता का त्याला?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी उत्तर न देता आत गेले. घसा सुकला होता. पेला बुडवला, ओठांशी आणला, आणि हात वर गेला. मान मागे झाली. पाणी घशात पडलं, गळ्यावर पडलं, पदर भिजला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

मागे आई येऊन उभी होती. तिनं भिजलेल्या पदराकडे पाहिलं. या वेळी ती हंडा उचलून विहिरीकडे गेली नाही.

"तो जिता हाय अजून," ती म्हणाली. "तुझ्या तोंडातून तो बोलायच्या आधी तू बोल."

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या पहिल्या एसटीत मी आणि पोशी शेजारी शेजारी बसलो होतो. पाण्याची बाटली एकच होती.